महारवाड्याचा म्हातारवाडा

आमच्या वस्तीत दिवाळीपासून पाडव्यापर्यंत मरायला बंदी आहे. तसा कुठं कायदा नाही, ग्रामपंचायतीचा ठराव नाही. पण ह्या दिवसांत मेलं तर उचलायला माणूस नाही. तिरडीला चार खांदे लागतात, आणि बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्यासारख्या वस्त्यांत दिवाळीनंतर चार धड खांदे शिल्लक राहत नाहीत. सगळे खांदे कोयत्याबरोबर गेलेले. सांगलीकडं, कोल्हापूरकडं, कर्नाटकात, उसाच्या फडात.

२०२२ च्या जानेवारीत माझ्या आजीनं ही बंदी मोडली.

मी मुंबईत, गोदीत. फोन आला तेव्हा दुसरी पाळी चालू होती. मिळेल त्या गाडीनं निघालो आणि सकाळी उन्हं वर आल्यावर वस्तीत पोचलो. माय-बाप सांगलीकडं फडात. बापानं मुकादमाला सांगितलं, आई गेली. मुकादम म्हणाला, गाडी भरून द्या अन् मग जावा, उचल फिटली न्हाई अजून. माय-बाप पोचले तेव्हा राख गार झाली होती.

खांदेकरी चार. एक मी, तेव्हा बावीस वर्षांचा. बाकी तिघं साठीच्या पुढचे. एकाला हर्निया, एकाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिसऱ्याचा गुडघा वाकत नाही. आमचं मसणवटं ओढ्यापलीकडं, गावाच्या मसणवट्यापासून वेगळं. मेल्यावर माणूस जळतो, जात जळत नाही. वाटेत पाच वेळा तिरडी खाली ठेवली.

मी ओझ्याचा माणूस आहे. गोदीत हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. चौघांनी उचललं आणि एक उंच माणूस ताठ चालला, तर वजन चौघांवर सारखं राहत नाही. ते त्या उंच माणसावर आणि त्याच्या तिरक्या अंगाच्या जोडीदारावर जातं. माझा तिरका जोडीदार म्हणजे तो हर्नियावाला म्हातारा. म्हणून वस्तीपासून ओढ्यापलीकडं मी गुडघे वाकवून चाललो.

ह्या चालण्यावर कविता लिहायला बसलो होतो. जमली नाही. म्हणून हा लेख.

*

पुण्याच्या भोवती ज्येष्ठ नागरिकांसाठी घरांची संकुलं उभी राहिलीत, हे तुम्ही वाचलं असेल. बाग आहे, बाकडी आहेत, जेवणाची सोय आहे, बेल दाबली की नर्स येते. पैसेवाल्याच्या म्हातारपणाचा नकाशा आधी कागदावर निघतो, मग पाया खणतात. २०२४ साली महारेरानं अशा घरांसाठी नियम काढले. दार रुंद पाहिजे, चाकाची खुर्ची आत गेली पाहिजे. मजले असतील तर लिफ्ट पाहिजे. न्हाणीघरात धरायला दांडी पाहिजे, फरशी निसरडी नको.

मी ह्या नियमांची टिंगल करणार नाही. नियम चांगले आहेत. म्हातारं माणूस न्हाणीत घसरलं की खुबा मोडतो, आणि मोडलेला खुबा पुन्हा जागेवर बसेल की नाही ते कुणी सांगत नाही. हाडाला जात नसते. पण आम्ही विचारतो, माझ्या आजीला न्हाणीच नव्हती, दांडी कुठं ठोकायची? दोन दगडांवर पत्रा उभा केलेला. संडासला ती पहाटे अंधारात ओढ्याकडं जायची, एका हातात डबा, दुसऱ्या हातात काठी. तिच्या म्हातारपणाचा नकाशा कुणी काढला होता?

कुणी काढला नाही. तरी वसाहत तयार आहे, हीच तर गंमत आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळ्या बांधतात, दिवाळी झाली की ट्रॅक्टर-ट्रकांत संसार चढतो. गावात राहतं कोण? ज्यांचे हात थकले ते आणि ज्यांचे हात अजून उसाला पुरत नाहीत ते. म्हातारी आणि लेकरं. धारूर घ्या, वडवणी घ्या, पाटोदा घ्या, शिरूर कासार घ्या. सहा महिने अख्ख्या वस्त्याच्या वस्त्या म्हाताऱ्यांच्या वसाहती होतात. पुण्यात ज्याला लाखो रुपये मोजावे लागतात ते आमच्याकडं फुकट आहे. फक्त बाग नाही, बाकडं नाही, नर्स नाही, संडास नाही, पाणी नाही आणि बेल दाबली तर ऐकायला कुणी नाही.

डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. बदला, जरूर बदला. पण दोस्तहो, महारवाड्याची पाटी निघेपर्यंत महारवाड्याचा म्हातारवाडा झालेला आहे, आणि त्याची पाटी कुठंच लागलेली नाही.

*

शहरातल्या दोस्तांसाठी दोन शब्द सांगतो.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसाचं नाव नाही, हत्याराचं नाव. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर देतो. मग ती सहा महिने फेडायची. पहाटे उठून तोडायचं, पाचट सोलायचं, मोळी बांधायची, चाळीस-पन्नास किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. आजारी पडलं तर खाडा. खाड्याचे पैसे कापतात.

दुसरा शब्द आहे पट्टा. हंगाम संपला, ऊस संपला, की म्हणतात कारखान्याचा पट्टा पडला. कारखान्याला दरवर्षी सुट्टी आहे. लोखंडाला तेल-पाणी होतं, दुरुस्ती होते. माणसाचा पट्टा कधी पडतो? तो पडतच नाही. हात चालेनासे झाले की पोरगा म्हणतो, आता तुम्ही कोपीवर लेकरं सांभाळायला चला. तेही होईना की म्हणतात, घरीच राहा. घरी म्हणजे काय? घरी म्हणजे नातवंडांना उठवा, शाळेत घाला, शेळ्या बघा, हापशावर रांग लावा. तोडणाऱ्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह म्हणतात ती सोय आहे. बऱ्याच ठिकाणी पोरं जेवतात शाळेत आणि झोपतात आजीजवळ. म्हणजे सरकारची अर्धी योजना आजीच्या गोधडीवर चालते. त्या गोधडीचा पगार कुणाच्या बजेटात आहे?

निवृत्ती हा शब्द नोकरीवाल्यांचा आहे. निवृत्त व्हायला आधी कुणीतरी तुम्हाला नोकर म्हणून लिहून घ्यावं लागतं. कारखाना म्हणतो हे माझे नोकर नाहीत, मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो मी मालक नाही, मधला माणूस आहे. असे तीस-तीस हंगाम माणूस राबतो आणि शेवटी तो कुणाचाच निघत नाही.

*

आता कोणी म्हणेल, सरकार पेन्शन देतं की. देतं. श्रावणबाळ योजना आहे. श्रावणबाळ! कावडीत आई-बाप घेऊन हिंडणाऱ्या पोराचं नाव दिलंय, म्हणजे सरकार आपलं पोरगं झालं. पासष्टीच्या पुढच्या निराधाराला २०२३ पासून महिना १५०० रुपये. त्याआधी हजार होते, २०१९ च्या आधी सहाशे. आणि दिल्लीचा वाटा किती? ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्याला २०० रुपये, २००७ पासून तोच आकडा. गेल्या अठरा वर्षांत तेल वाढलं, डाळ वाढली, खासदारांचे पगार वाढले. दोनशे तिथंच.

माझ्या आजीला तेही मिळालं नाही. तिच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी. आमच्या वस्तीत निम्मी माणसं १ जानेवारीला जन्मलीत. कार्ड काढणाऱ्यानं तोंडाकडं बघून साल टाकलं, त्या सालानं आजी एकसष्टची निघाली. तिचा थोरला मुलगा, माझा बाप, तेव्हा पंचावन्नचा. म्हणजे आजी सहा वर्षांची असताना बाळंत झाली. हे मी त्या कचेरीतल्या साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, पुरावा आणा. माझा बाप समोर उभा होता, ह्याहून मोठा पुरावा कुठून आणू? पुढं रेशनला मशीन आली. आजीचा अंगठा लागेना. कोयत्याच्या मुठीनं आणि उसाच्या कुसळांनी बोटांच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. ज्या कामानं ती म्हातारी झाली, त्याच कामानं तिची ओळख पुसली.

२०१९ साली दिल्लीनं आणखी एक योजना काढली, श्रमयोगी मानधन. असंघटित कामगाराला साठीनंतर महिना ३००० रुपये. छान. पण नाव नोंदवताना वय अठरा ते चाळीसच्या आत पाहिजे आणि साठीपर्यंत दरमहा हप्ता भरला पाहिजे. जे आज म्हातारे आहेत त्यांनी आधी तरुण व्हावं, मग अर्ज करावा.

२००७ चा कायदा आहे, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. त्यात म्हटलंय, मुलानं सांभाळलं नाही तर आई-बापानं प्राधिकरणाकडं अर्ज करावा, मुलाकडून महिना दहा हजारापर्यंत पोटगी मिळू शकते. हा कायदा ज्या घरासाठी लिहिलाय त्या घरात मुलाजवळ बंगला आहे आणि बाप दारात उभा आहे. आमच्या घरात मुलाच्या डोक्यावर उचल आहे. माझ्या आजीनं कुणावर अर्ज करायचा होता? माझ्या बापावर? मोळीखाली वाकलेल्या माणसावर पोटगीची मोळी चढवायची?

त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात आहे की सरकारनं प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम काढावा, किमान दीडशे निराधारांसाठी. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. राज्यात तेव्हा दहा माणसांत एक साठीपुढचा होता. त्या हिशेबानं जिल्ह्यात अडीच लाख म्हातारी. आणि कायद्याची किमान मागणी दीडशे खाटांची!

*

मी मुंबईत ज्या गल्लीत राहतो तिथं एक जुने गोदी कामगार आहेत. वय ऐंशीच्या पुढं. दर महिन्याला पेन्शन जमा होते, त्या दिवशी ते दाढी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात आणि नातवाला घेऊन बँकेत जातात. नातवाला आईस्क्रीम स्वतःच्या पैशानं. मी त्यांच्याकडं बघत राहतो. माणसाचं म्हातारपण ताठ मानेचं असू शकतं, हे मी पहिल्यांदा ह्या माणसात पाहिलं. माझ्या आजीनं आयुष्यात मला एकदाच दहा रुपये दिले होते, ते पदराच्या गाठीतून, आणि देताना मायकडं चोरून बघत.

हे गोदीवाले काही स्वर्गातून पेन्शन घेऊन आले नव्हते. त्यांच्या आधीच्या पिढीचा गोदी कामगारही टोळीवाल्याच्या मर्जीवर जगायचा. बोट लागली तर काम, नाही तर उपास. तिथंही मुकादमच होता. कामगार संघटित झाले, झुंजले, १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला, बोर्ड आलं, नाव नोंदलं गेलं. रोज वेगळा मालक असला तरी कामगार बोर्डाचा. मग १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाला तरी एक मालक कुठं असतो? आज ह्या दुकानाची गोणी, उद्या त्या. तरी बोर्ड झालं, मालकांकडून लेव्ही घेतली, भविष्य निर्वाह निधी आला, ग्रॅच्युइटी आली.

तेव्हा ‘मालक एक नाही, म्हणून काही करता येत नाही’ ही थाप आम्हाला मारू नका. पाठीवरच्या गोणीला जे १९६९ ला जमलं, ते डोक्यावरच्या मोळीला आजपर्यंत का जमलं नाही? कारण साधं आहे. कारखान्याचा चेअरमन, संचालक, आमदार, मंत्री हे बऱ्याचदा एकाच घरातले. साखरेचा मालक आणि कायद्याचा मालक एकाच ताटात जेवतो.

आणि माझं सांगू? मी आज गोदीत आहे पण गोदीचा नाही. ठेकेदाराचा आहे. शेजारच्या आजोबांना मिळते ती पेन्शन मला मिळणार नाही. माझा बाप अर्धा कोयता, मी पाव. म्हणून हा प्रश्न फक्त आजीचा नाही. आपण सगळे त्याच ओढ्याच्या वाटेनं चाललोय.

*

ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालंय. लोकनेते गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाचं. २०१९ ला निर्णय, २०२२ ला पुण्यात कचेरी. कारखान्यानं गाळलेल्या टनामागं १० रुपये द्यायचे, तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलं. २०२१ ला लेकरांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली. लेकरांसाठी झालं ते चांगलंच झालं. पण तोडणाऱ्याला लेकरं असतात तशी माय-बापंही असतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तर नकाशा आपणच काढू. मी मॅट्रिक माणूस, इंजिनिअर नाही. पण ओझं कुठं पडतं ते मला कळतं.

पहिलं, वय हंगामात मोजा. जन्मसाल आमच्याकडं खोटं आहे, हंगाम खरे आहेत. कुणी किती पट्टे पाहिले ते म्हातारी बोटावर सांगते, आणि मुकादमाची वही साक्षीला आहे. वीस हंगाम झाले की तो माणूस निवृत्त, वय काहीही असो. कारण उसाच्या फडात साठीची वाट बघत बसलं तर बाई उरत नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे समिती नेमली गेली तेव्हा आरोग्य खात्याच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांत तिशी-चाळिशीतल्या किती! चाळिशीत ज्यांची हाडं ठिसूळ झाली त्यांना पासष्टीला या म्हणणं ही मस्करी आहे. ग्रामसेवकानं ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यावं असा २०२१ चा आदेश आहे. त्याच ओळखपत्रावर हंगामांचा आकडा लिहा.

दुसरं, पैसा. एका टन उसाची साधारण शंभर किलो साखर होते. टनाला आणखी दहा रुपये म्हणजे साखरेच्या किलोमागं दहा पैसे. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांहून जास्त ऊस गाळला गेला. दहा पैशानं शंभर कोटी उभे राहतात. महिना ३००० रुपये, जो आकडा सरकारनंच ठरवलाय, त्या दरानं सत्तावीस हजारांहून जास्त म्हाताऱ्यांना वर्षभर पेन्शन होते. सरकारनं बरोबरीचे घातले की पंचावन्न हजार. हे सगळ्यांना पुरणार नाही, मला माहीत आहे. पण दहा पैसे! चहात साखर ढवळताना चमच्याला चिकटून राहते त्याहून ही किंमत कमी आहे.

तिसरं, जागा. वृद्धाश्रम नको. मी एकदा गमतीनं आजीला म्हणालो होतो, तुला आश्रमात ठेवतो, तिथं टीव्ही असतो. ती म्हणाली, “लेकरा, म्या पिकलं पान हाय, खरंय. पर पान झाडालाच पिकतं, रस्त्यावर न्हाई.” तिची शेळी, तिची शेजारीण, तिच्या उंबऱ्यातली निळी पाटी, बाबासाहेबांचा फोटो, हे सोडून ती दीडशे खाटांत एक खाट व्हायला तयार नव्हती. म्हणून वस्ती हीच वसाहत करा. आहे त्या घराला संडास, न्हाणी, न्हाणीला दांडी, घरात नळ. सामाईक घरासाठी जागा पाहिजे तर गावाचं गायरान आहे. भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं कायम करायचा सरकारी निर्णय १९९१ चा आहे, तरी कितीतरी म्हातारी माणसं सातबारा न बघताच गेली. आणि २०२२ ला उच्च न्यायालयानं गायरानाचा प्रश्न हाती घेतल्यावर नोटिशींची धास्ती पुन्हा दारात आली. ज्यानं उभ्या आयुष्यात गायरानावर दोन पायली बाजरी काढली, त्याच्या म्हातारपणाला निदान ते गायरान तरी नावावर द्या.

चौथं, चूल. दिवाळी ते पाडवा एक सामाईक स्वयंपाकघर. जेवण साधं, पण म्हाताऱ्या दातांचं. कण्या, मऊ भाकरी, पातळ वरण. आणि इथं मी अडून बसणार आहे. ही चूल फक्त आपल्या वस्तीची नको. ऊस तोडायला वंजारी जातो, बंजारा जातो, मातंग जातो, मुसलमान जातो, मराठाही जातो. सगळ्यांचीच म्हातारी मागं राहतात. चूल एक, माठ एक, आणि स्वयंपाकाला आपली बाई. ज्याला तिच्या हातची भाकरी चालत नाही त्यानं उपाशी राहावं. महाडच्या तळ्याला १९२७ पासून किती वर्षं झाली ते मोजा. म्हातारपणाच्या नावाखाली पुन्हा दोन माठ मांडायचे असतील तर हा नकाशा फाडून टाका.

पाचवं, दवाखाना. ज्यांनी जन्मभर साखर केली त्यांच्या रक्तात साखर निघते आणि गोळीला पैसे नाहीत. आठवड्यातून एकदा नर्स वस्तीत आली पाहिजे. रक्तदाब, साखर, डोळे. अंबाजोगाई तालुक्यात लोखंडी सावरगावला सरकारनं वृद्धत्वाच्या आणि मानसिक आजारांसाठी केंद्र बांधलं. २०२० ला कोरोना आला तेव्हा तिथं मोठं कोविड रुग्णालय चाललं. म्हणजे मनात आलं की इमारत चालते, खाटा भरतात, डॉक्टर मिळतात. तसंच मनात आणा आणि त्या केंद्राची गाडी वस्तीपर्यंत पाठवा. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, २०२२ पासून. पण एसटी डांबरी रस्त्यावर थांबते. म्हातारी डांबरी रस्त्यापर्यंत कशी येणार?

सहावं, खांदेकरी. घरात मयत झाली तर मुकादमानं त्याच दिवशी सोडलं पाहिजे, जाण्या-येण्याचं भाडं कारखान्यानं दिलं पाहिजे आणि खाडा लागता कामा नये. हे कारखान्यांशी होणाऱ्या करारात लिहून घ्या. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, त्याची छायाचित्रं छापून आली. मेलेल्या आईला खांदा द्यायची सुट्टी किती टक्क्यांत बसते?

सातवं, कारभार म्हाताऱ्यांचाच. समितीत निम्म्या म्हाताऱ्या बायका. आणि दारावर कुठल्याच दादा-भाऊ-साहेबाच्या फोटोची पाटी नको, वाढदिवसाला केळी वाटायला येणाऱ्यांना आत सोडायचं नाही.

*

मला ठाऊक आहे, आपल्यातलेच काही दोस्त हसतील. म्हणतील, क्रांतीच्या गोष्टी करणारा आता म्हाताऱ्यांच्या संडासावर आला. होय, आलो. ज्या क्रांतीत माझ्या आजीला अंधारात ओढ्याला जावं लागतं, ती क्रांती माझ्या काय कामाची?

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मी स्वतःलाच घालतो. म्हाताऱ्यांची सोय लावली तर स्थलांतर कायमचं होणार नाही का? कारखानदार म्हणेल, मागची काळजी मिटली, आता आठ महिने तोडा. हा धोका आहे. खरी लढाई गावात पाणी, गावात काम, गावात जमीन हीच. पण नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ला मंजूर झाली आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं! मंजुरीच्या वेळी जो तिशीतला जवान होता तो शिट्टी ऐकायला साठीचा होऊन उभा राहिला. पाणी आणि काम येईपर्यंत म्हातारीनं कशावर जगायचं? लढाई लांबची आहे म्हणून घोटभर पाणी नाकारायचं नसतं.

आता शेवटचं. हे बोलायला जड जातं. आपण सगळे मायवर कविता लिहितो. मीही लिहिल्या, टाळ्या घेतल्या. आजी गेली त्या वर्षी मी तिला दिवाळीला पाचशे रुपये पाठवले होते आणि पुढं दोन महिने फोन केला नव्हता. मुकादमाला शिव्या देणं सोपं आहे. कचेरीतल्या साहेबाला शिव्या देणं त्याहून सोपं. पण तिची एकसष्टी खोडून काढायला मी दुसऱ्यांदा कचेरीत गेलो नाही. एक पाळी बुडेल म्हणून गेलो नाही. माझाही खाडा होताच की.

तर दोस्तहो, एवढंच करू. एप्रिलमध्ये पट्टा पडतो, टोळ्या परततात आणि जयंतीही त्याच दिवसांत येते. आपण सगळे गावाला जातो. ह्या वर्षी डीजेच्या एका रात्रीचे पैसे बाजूला काढू आणि एक वही आणू. साधी, दोनशे पानी. प्रत्येक वस्तीत घरोघर बसून म्हाताऱ्यांची नोंद करू. नाव, गाव, किती हंगाम तोडले, कुठल्या भागात तोडले, कागदावरचं वय, खरं वय, पेन्शन आहे की नाही, नसेल तर कुठं अडली, डोळे, गुडघे, घरात संडास, दिवाळीनंतर जवळ कोण. वह्या गोळा झाल्या की तहसीलवर जाऊ, महामंडळावर जाऊ आणि हंगामांची बेरीज करून हिशेब मागू. भीक मागायची नाही. राबलेल्या घामाची थकबाकी मागायची.

आमच्या वस्तीच्या वहीचं पहिलं पान मी लिहून ठेवलंय. ते आजीचं आहे. ती नाही, तरी लिहिलंय. हंगाम : बत्तीस. कागदावरचं वय : एकसष्ट. खरं वय : माहीत नाही. पेन्शन : नाही. दिवाळीनंतर जवळ कोण : कोणी नाही.

दुसऱ्या पानावर त्या हर्नियावाल्या म्हाताऱ्याचं नाव आहे. तो अजून आहे. त्याचं ऑपरेशन ह्या दिवाळीच्या आत झालं पाहिजे.

जय भीम!